जुना दमा आणि ईसीजीचा कागद

आमच्या कोहिनूर भागात ज्येष्ठ माणसाला धाप लागली की 'दमा आहे' म्हणून घरचे मोकळे होतात. पुढे कधीतरी ईसीजी निघतो, त्यात काही वेगळे दिसते आणि घरात हार्ट अटॅकची चर्चा सुरू होते. आम्ही वाणिज्य शाखेचे, डॉक्टर नव्हे. पण सभासदांच्या घरी हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून वाचून समजले ते मांडतो.

या दम्यांपैकी बरेच खरे तर सीओपीडी असतात. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुप्फुसे झिजतात. विडी-सिगारेट हे कारण आहेच, पण एकटे नाही. २०१६ साली भारतात साडेपाच कोटी लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे, आणि त्यातल्या हानीचा निम्म्याहून अधिक वाटा हवेच्या प्रदूषणाचा, ज्यात चुलीचा धूरही आला. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांवर चाळीस वर्षे भाकरी भाजणाऱ्या आजीने विडीला हातही लावलेला नसतो, म्हणून तिची धाप 'वय झाले' यात जमा होते. गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याची चूल कित्येक घरी पेटतेच.

आता ईसीजी. शरीरात प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यांतून रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. कागदावरची पहिली छोटी लाट, जिला 'पी' म्हणतात, उंच व टोकदार होते. हृदयाचा अक्ष उजवीकडे कलतो. १९९९ साली इटलीतील डॉक्टरांनी २६३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उजव्या बाजूच्या ताणाच्या काही खुणा ज्यांच्या ईसीजीत होत्या, ते इतरांपेक्षा कमी जगले.

याउलटही घडते. फुगलेली फुप्फुसे हृदयाच्या आड येतात, लाटा बारीक उमटतात आणि यंत्र 'जुना हार्ट अटॅक' असे छापून टाकते. यंत्राचे वाक्य म्हणजे निदान नव्हे. इको केल्यावर बहुधा खुलासा होतो. तसेच ईसीजी चांगला आला म्हणजे फुप्फुसे चांगली, असेही नाही. त्यासाठी नळीत फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, वेगळी करावी लागते.

खूण दिसली तर उपाय आहे का? ज्यांच्या रक्तात प्राणवायू फार कमी आहे, त्यांच्यासाठी आहे. १९८१ च्या ब्रिटिश अभ्यासात दिवसाला किमान १५ तास प्राणवायू घेणाऱ्या ४२ जणांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. प्राणवायूचे प्रमाण सीमारेषेवर असेल, तर घरी मशीन द्यावे का हे ठरवताना ती उंच 'पी' लाटही विचारात घेतली जाते. म्हणजे हा कागद नुसता भीती घालणारा नाही, कामाचा आहे. मात्र मशीन चुलीजवळ ठेवू नये, शेजारी विडी पेटवू नये आणि प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये.

बसवकल्याणला जा, बिदरला जा किंवा कलबुर्गीच्या जयदेव हृदयरोग संस्थेत, जुने ईसीजी बरोबर न्या. दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा शेजारी ठेवला की फरक डॉक्टरांना लगेच दिसतो. पासबुकातही आपण शेवटची एकच नोंद पाहत नाही. तो कागद काही वर्षांत फिका पडतो, तेव्हा आधीच झेरॉक्स काढावी. लॅमिनेशन मात्र करू नये, उष्णतेने कागद काळा होतो.