शेरा आणि आत्मपरीक्षण

मोडलेले हाड सांधते, जखम भरून येते. परंतु दाताचे एनॅमल एकदा कोरले गेले की ते पुन्हा वाढत नाही. दंतवैद्यकाच्या शिक्षणात चुकीचे मोल म्हणूनच मोठे असते. आपल्याकडील बी. डी. एस.चा विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांत कृत्रिम जबड्यावर हात बसवतो आणि तिसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष रुग्णाच्या दातावर काम करू लागतो. या काळात त्याच्या हाताला वळण लागते, तसेच वृत्तीलाही. आणि ते पुष्कळ अंशी शिक्षकाच्या शेऱ्यावर अवलंबून असते.

कोरलेल्या पोकळीकडे क्षणभर पाहून दहापैकी पाच गुण द्यावेत, किंवा ‘हे तुला जमायचे नाही’ असे चारचौघांत सुनवावे, यातून विद्यार्थी एवढेच शिकतो की शिक्षकाची मर्जी सांभाळावी आणि चूक झाकावी. क्लुगर व डिनिसी यांनी १९९६ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक प्रसंगी शेऱ्यामुळे कामगिरी खालावल्याचे आढळले. शेऱ्याचा रोख कामावरून व्यक्तीकडे वळला की त्याचा उपयोग घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग मूल्यमापन विद्यार्थ्यावरच सोपवावे काय? तेही धोक्याचे आहे. क्रुगर व डनिंग यांच्या १९९९ च्या अभ्यासात तळाच्या गटातील विद्यार्थी शंभरांत सरासरी अवघ्या १२ जणांच्या पुढे होते. आपण ६२ जणांच्या पुढे आहोत, असा मात्र त्यांचा समज होता.

तेव्हा दोहोंची सांगड घालणे हेच श्रेयस्कर. पोकळीची खोली, कडांची सफाई, शेजारच्या दाताची सुरक्षितता असे निकष आधी ठरवावेत. विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचे गुण लिहावेत, शिक्षकाने नंतर त्याच निकषांवर आपले लिहावेत, आणि जेथे तफावत पडेल तेथेच बोलावे. विद्यार्थी फार आणि वेळ थोडा, हा आक्षेप खरा आहे. परंतु प्रत्येक कामाला नव्हे, आठवड्यातून एका कामाला जरी ही शिस्त लावली, तरी चूक लपविण्याऐवजी शोधण्याची सवय जडू शकेल.

ही सवय परीक्षेपुरती नाही. उद्या तो स्वतःचा दवाखाना थाटील, तेव्हा पाठीशी शिक्षक नसेल. खुर्चीतील रुग्णाला आपल्या तोंडात झालेले काम पारखता येत नाही. ते पारखणारा तेथे एकच उरतो, आणि तो म्हणजे ज्याने ते केले तो स्वतः.