तणमोराची उडी पाहावी, पण दुरूनच

यवतमाळ : युरोप-अमेरिकेत वसंत ऋतूच्या पहाटे ‘ग्राउज’ जातीच्या पक्ष्यांचे प्रणयाराधन पाहण्यासाठी पक्षिनिरीक्षकांचे गट अंधारातच माळावर दाखल होतात. ठरलेल्या जागी जमलेले अनेक नर पिसारा फुलवून आवाज करतात आणि माद्या त्यांतून जोडीदार निवडतात. या मेळाव्याला शास्त्रज्ञ ‘लेक’ म्हणतात. हा मूळचा स्वीडिश शब्द असून त्याचा अर्थ खेळ असा आहे. ग्राउज विदर्भात आढळत नाही. मात्र, याच प्रकारचा सोहळा पश्चिम विदर्भातील गवताळ माळांवर पावसाळ्यात रंगतो आणि त्याचा नायक असतो तणमोर.

माळढोकाच्या कुळातील हा भारतातील सर्वांत लहान पक्षी आहे. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतील गवताळ पट्ट्यात त्याच्या नोंदी असून, यवतमाळ जिल्ह्याची पश्चिम सीमा याच भागाला भिडते. त्यामुळे पावसाळी पक्षिनिरीक्षणाच्या सहली आखणाऱ्यांना तणमोराची ओढ वाटणे स्वाभाविक आहे.

उडी कशासाठी?

एरवी तणमोर गवताच्या रंगात मिसळून जातो. विणीच्या काळात नराचे रूप मात्र पालटते. डोके, मान व पोट काळेभोर होते, खांद्यावर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि डोक्यामागे टोकाशी रुंद होणारी लांब तुऱ्याची पिसे येतात. पण गवत पक्ष्यापेक्षा उंच असल्याने हा साज मादीला दिसणार कसा? त्यासाठी नर जागच्या जागी गवताच्या वर झेप घेतो. दीड-दोन मीटर उंच जाऊन पंख फडफडवतो, बेडकाच्या डरावण्यासारखा आवाज काढतो आणि क्षणात पुन्हा गवतात दिसेनासा होतो. एका नराने दिवसात ५०० हून अधिक उड्या मारल्याच्या नोंदी आहेत. सकाळ-संध्याकाळ उड्यांचे प्रमाण अधिक असते. ढगाळ हवेत त्या दिवसभरही चालतात.

ग्राउजप्रमाणे तणमोराचे नर एका मैदानात दाटीने जमत नाहीत. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे असते. मिलनानंतर अंडी उबवणे आणि पिले वाढवणे या कामांत नराचा सहभाग नसतो. मादी जमिनीवरच, गवताच्या आडोशाला साधारण तीन-चार अंडी घालते आणि सुमारे तीन आठवडे एकटीच उबवते.

घटती संख्या

मादीला दिसावी म्हणून मारलेली उडी शिकाऱ्यालाही दिसते. इंग्रजी अमदानीत तणमोराची शिकार मोठ्या प्रमाणावर झाली ती यामुळेच. आज त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. परंतु गवताळ रानच आक्रसले आहे. ज्या ‘ई-क्लास’ जमिनींवर आणि पडीक रानांत पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते वाढत, तेथे शेती, अतिक्रमणे आणि वृक्षलागवड झाली. माळरान म्हणजे ओसाड जमीन, या समजुतीचा फटकाही त्याला बसला. देशभरात १९९९ मध्ये सुमारे साडेतीन हजार तणमोर असल्याचा अंदाज होता. २०१७ च्या सर्वेक्षणात तो सुमारे ७०० वर आला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला अतिसंकटग्रस्त ठरवले.

या पक्ष्याची जागा नेमकी ओळखणारे लोक माळावरच राहतात. फासेपारधी समाजाकडे गवत, पायखुणा आणि पक्ष्यांच्या आवाजाचे पिढीजात ज्ञान आहे. वाशीम-अकोला परिसरात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने याच समाजाला बरोबर घेऊन तणमोर आणि गवताळ रानांच्या संवर्धनाचे काम केले आहे.

सहलीला निघण्यापूर्वी

तणमोर सहज नजरेस पडतो तो केवळ विणीच्या हंगामात, आणि त्रास सर्वाधिक जाणवतो तोही याच काळात. माणसांचा घोळका जवळ आला की नर उड्या थांबवतो आणि मादी घरटे सोडून उठते. उघडी पडलेली अंडी मग कावळे, मुंगूस, भटकी कुत्री यांच्या तावडीत सापडतात. पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना त्रास देणे ही कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते, हे अनेकांना ठाऊक नसते.

म्हणूनच गट लहान असावा आणि वनखात्याची, तसेच जमीनमालकाची परवानगी आधीच घ्यावी. गवतात न शिरता पायवाटेवरून किंवा गाडीतून दुर्बिणीने पाहावे. नर जवळ यावा म्हणून ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये. छायाचित्रासाठी गवत वाकवणे किंवा घरटे शोधणे तर कटाक्षाने टाळावे. परदेशात ग्राउज पाहणारे उजाडण्यापूर्वीच लपणात बसतात आणि पक्षी निघून जाईपर्यंत बाहेर पडत नाहीत. आपल्याकडेही हाच संयम हवा. परतल्यावर नोंद वनखात्याला अवश्य कळवावी. मात्र नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर करू नये.

तणमोर दिसला नाही, तरी अशी सहल वाया जात नाही. गवत टिकले तरच हा पक्षी टिकेल. गावच्या ई-क्लास जमिनीवर अजून किती गवत उरले आहे, हे पाहून आणि नोंदवून येणे हेही पक्षिनिरीक्षणच आहे.