वर्गातला एकटा पुरुष

दोहाच्या उत्तरेला, बर्झानच्या जुन्या बुरुजांसाठी ओळखल्या जाणाऱ्या उम्म सलाल मोहम्मदमध्ये मी राहतो. इथल्या एका बालवाडीत मुलांच्या खेळाच्या नोंदी घ्यायला गेलो, तेव्हा मोठ्या माणसांत पुरुष मी एकटाच होतो. चार वर्षांची एक मुलगी मला पाहून बाईंच्या मागे लपली. ठोकळ्यांचा खेळ थांबला. मी वहीत लिहिले, 'मुले शांत, बोलणे कमी.' आता तुम्हीच सांगा, ही नोंद मुलांविषयी झाली की माझ्याविषयी?

२०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील गटाने दाखवले, की पुरुष संशोधक जवळ असला तर उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया दबते. पुरुषाने वापरलेला टी-शर्ट ठेवला तरी तेच घडते. काही वेळाने मात्र उंदीर सरावतात. मुले म्हणजे उंदीर नव्हेत; इथे मुद्दा वासाचा नाही, सवयीचा आहे. जगभर बालवाडीत शिकवणाऱ्या बहुतेक सगळ्या महिलाच असतात. आपल्याकडे तर अंगणवाडी सेविका हे पदच महिलांसाठी आहे. अशा वर्गात पुरुष येणे हीच मुलांसाठी मोठी बातमी!

मग करायचे काय? पहिल्या काही दिवसांच्या नोंदी हिशेबात धरायच्या नाहीत. काही सत्रे महिला सहकारी एकटीने बघते, काही मी, आणि दोन्हींतला फरक तपासायचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांची रीतही उपयोगी पडते. ते मुलांच्या खेळाच्या जागेत जाऊन बसत, प्रश्न विचारत नसत, मुले आपणहून बोलेपर्यंत थांबत. इटलीतल्या बालवाडीत त्यांचे चुकीचे इटालियन ऐकून मुलांना गंमत वाटे आणि त्यातूनच ओळख वाढे.

नियमही असतात. मुलासोबत एकटे थांबायचे नाही, दार उघडे ठेवायचे, शौचालयात सोबत जायचे नाही, मांडीवर घ्यायचे नाही. एकदा एक मुलगा धडपडला आणि त्याने माझ्याकडे हात पसरले. मी बाईंना हाक मारली. नियम पाळला, पण त्या रात्री झोप लागली नाही. तरीही हे नियम मला पटतात, कारण स्वतःची तक्रार नीट मांडता न येणाऱ्या मुलाला तेवढेच संरक्षण असते. फक्त ते स्त्री-पुरुष दोघांनाही सारखे लागू हवेत.

वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्यासोबत कामाला लागल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गुजरातीत लोक गिजुभाईंना प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशांची आई म्हणत. कौतुक करतानाही त्यांना 'आई'च म्हणावे लागले, यावर थोडा विचार करा.

उद्या तुमच्या मुलाच्या बालवाडीत एखादा संशोधक आला, तर त्याला जरूर प्रश्न विचारा: पालकांची संमती घेतली का, चित्रफिती कोण पाहणार, तू मुलांबरोबर कधी एकटा असतोस का? उत्तरे पटली, तर त्याला एक कोपरा द्या. मुलांना सरावायला थोडे दिवस लागतात, आपल्यालाही लागतील.