कुलपाचे चिन्ह आणि आधारचा अंगठा

पडद्यावर कुलपाचे चिन्ह दिसले, म्हणजे जोडणी कूटबद्ध झाली, की तीतून जाणारा संदेश शेवटपर्यंत सुरक्षित राहतो, हा समज कितीही वेळा खोडला तरी पुन्हा उगवतो. आणि तो केवळ सामान्य ग्राहकांचा असता तर फारसे बिघडले नसते, परंतु प्रणाली बांधणारेही तो बाळगतात.

एकच अवाढव्य प्रणाली न उभारता स्वतंत्र सेवांनी परस्परांना ठरावीक स्वरूपाचे संदेश पाठवून काम करावे, या मांडणीला सेवाधिष्ठित रचना म्हणतात. आधारची ओळखपडताळणी हे तिचे मोठे उदाहरण असून खानदेशाला ते परके नाही, कारण पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे दिले गेले आणि हा तालुका ज्यात आहे तो नंदुरबार जिल्हा १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग होता.

साक्री किंवा शिरपूर तालुक्यातील खातेदार बँक मित्राच्या, म्हणजे बँकेच्या गावातल्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा लावून पैसे काढतो, तेव्हा संदेश बँकेच्या संगणकाकडे, तेथून राष्ट्रीय पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आणि पुढे आधार प्राधिकरणाकडे जातो. कुलपाचे चिन्ह यांपैकी केवळ एकेका टप्प्याची ग्वाही देते. टपालाची थैली सीलबंद असली तरी प्रत्येक कचेरीत ती फोडली जातेच, आणि आतले पाकीटच उघडे असेल तर त्या सीलचा उपयोग दोन कचेऱ्यांमधल्या रस्त्यापुरता उरतो. म्हणूनच प्राधिकरणाच्या तांत्रिक विनिर्देशात ठशाची माहिती २५६ बिटांच्या, एकदाच वापरायच्या किल्लीने बंद करून ती किल्ली प्राधिकरणाच्या २०४८ बिटांच्या सार्वजनिक किल्लीने बंद करण्याची अट आहे; ती उघडणारी खासगी किल्ली प्राधिकरणाकडेच असल्याने मधल्या संस्थांना संदेश पुढे पाठवता येतो, वाचता येत नाही.

तरीही एक फट राहिली होती. ठसा घेणारे यंत्र आणि तो कूटबद्ध करणारी आज्ञावली वेगवेगळी असल्याने त्या दोहोंच्या मध्ये ठसा उघडा असे, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तर साठवलेले ठसे पुन्हा वापरल्याची तक्रार प्राधिकरणानेच पोलिसांत नोंदवली. त्या व्यवहारांत जोडणी कूटबद्ध नव्हती, असे कोणी म्हटले नाही! त्याच वर्षी नोंदणीकृत यंत्रांची सक्ती झाली, ज्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःची किल्ली असते आणि ठसा त्या यंत्राच्या सहीनिशी, कूटबद्ध होऊनच बाहेर पडतो.

‘बाहेरची भिंत भक्कम असली की आतल्या सेवांनी एकमेकींवर विश्वास ठेवावा’ हाही असाच लाडका समज आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा खात्यांची मुख्य प्रणाली शाबूत होती; त्यांतील बहुतेक रकमेसाठी हल्लेखोरांनी एटीएमच्या विनंत्यांना उत्तर देणाऱ्या स्विचच्या जागी बनावट स्विच उभा केला आणि तो देत असलेला होकार पलीकडच्या यंत्रणांनी खरा मानला.

डिजिटल सहीने संदेश गुप्त होतो, हे चूक आहे. सही पाठवणारा कोण आणि मजकूर बदलला का एवढेच सांगते. ओळख पटली की परवानगी मिळाली, हेही चूक आहे, कारण खातेदार कोण हे कळल्यावरही त्याला काय करू द्यायचे हा प्रश्न प्रत्येक सेवेने स्वतंत्रपणे सोडवायचा असतो. आधार क्रमांक दिला की समोरच्याला ठसे मिळतात, ही तर निव्वळ अफवा आहे. साध्या पडताळणीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच येते, आणि ई-केवायसीत नाव, पत्ता, छायाचित्र मिळाले तरी ठसे परत पाठवले जात नाहीत.

मात्र कागदपत्रांवरून उचललेला नकली ठसाच यंत्रावर ठेवला, तर वरची सारी कूटबद्धता तो इमानेइतबारे प्राधिकरणापर्यंत पोहोचवते. अशा फसवणुकीनंतर २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे का, हे तपासणारी अतिरिक्त चाचणी प्राधिकरणाने आणली. शिवाय खातेदाराला एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक लावता येते, परंतु बँक मित्राकडे जाण्यापूर्वी ते उघडावे लागते, आणि त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल क्रमांक चालू असावा लागतो.