लॉकडाऊनमध्ये घरातल्या बुजुर्गांची देखभाल का तुटली?

25 मार्च 2020 पासून देशभर लॉकडाऊन लागला. संसर्गाचा सर्वात जास्त धोका वयस्कर लोकांना होता, म्हणून त्यांना घरात ठेवणं गरजेचंच होतं. पण ज्यांचं रोजचं जगणं बाहेरून येणाऱ्या माणसावर अवलंबून होतं, त्यांचं काय झालं? आंघोळ घालणारी आयाबाई, इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट, गल्लीतला दवाखाना. बऱ्याच ठिकाणी हे सगळं एकदम बंद पडलं.

नियम काय होता, हे आपण समजून घेऊ. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांच्या मदतनिसांना सूट आहे, हे केंद्रीय गृह मंत्रालयाने 21 एप्रिलला स्पष्ट केलं. म्हणजे जवळपास चार आठवडे उलटून गेल्यावर! त्यानंतरही काही सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना गेटवरूनच परत पाठवलं. आयाबाई दूर राहत असेल तर लोकल बंद, रिक्षा बंद. सूट कागदावर मिळाली, पण बाई यायची कशी?

मे महिन्यात 65 वर्षांवरील लोकांनी घरातच राहावं, अशी सूचना आली. त्यात आवश्यक कामासाठी आणि उपचारासाठी बाहेर पडायची मुभा होती. पण लोकांच्या कानावर फक्त ‘घरात बसा’ एवढंच पडलं. बीपी-शुगरची तपासणी लांबली, मोतीबिंदूची ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. चालणं-फिरणं थांबल्याने गुडघे आखडले. मशिदीही बंद होत्या, रमजानची तरावीह घरीच झाली. पाच वेळा चार माणसांशी होणारी भेट गेली आणि एकटेपणा वाढला.

पैशाची बाजूही बघा. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये 60 ते 79 वयासाठी महिना 200 रुपये, 80 नंतर 500 रुपये केंद्राचा वाटा असतो. लॉकडाऊनमध्ये जादा 1000 रुपये दोन हप्त्यांत जाहीर झाले. पण ते काढायला बँकेपर्यंत जायचं कोणी? पुढे मार्च 2021 मध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली, तेव्हाही तोच पेच. मोबाईलवर नोंदणी जमेना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना केंद्रावर नेता येईना. घरी जाऊन लस देण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, नंतर मुंबईत ती सोय झाली.

यातून आपल्या मोहल्ल्यासाठी धडा सरळ आहे. एकट्या राहणाऱ्या आणि अंथरुणावरच्या बुजुर्गांची यादी आत्ताच करून ठेवावी. त्यात औषधं, डॉक्टरांचा नंबर आणि जवळच राहणाऱ्या एका मदतनिसाचं नाव असावं. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाईन आहे, तो नंबर घरात भिंतीवर लिहून ठेवा. उद्या पुन्हा रस्ते बंद झाले, तर चालत येऊ शकेल असा शेजारीच आधी उपयोगी पडणार आहे.