दहा पैशांचं कोडं

आमच्या गल्लीतल्या बचत गटात आम्ही पंधराजणी. आमच्या खजिनदार काकू गेली आठ वर्षं लाल वहीत हिशेब लिहितात. मागच्या वर्षी मला हौस आली. लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर मी थोडंफार पायथन शिकले होते. म्हटलं, चला, गटाचा हिशेब कॉम्प्युटरवर आणू! प्रत्येकीची वर्गणी, हप्ता आणि व्याज भरायचं. त्याची बेरीज पासबुकातल्या जमेशी ताडून प्रोग्रॅमने फक्त ‘जुळला’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच सांगायचं. हल्ली बऱ्याचजणी फोनवरूनच पैसे भरतात, त्यामुळे व्याजाचे दहा-वीस पैसेसुद्धा हिशेबात येतात.

पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बटण दाबलं. पडद्यावर उमटलं, ‘जुळत नाही’.

काकूंनी वही तीनदा तपासली. वहीत पै न् पै जुळत होती. पण मागून कुणीतरी पुटपुटलंच, “मशीन कशाला खोटं बोलेल?” काकूंचा चेहरा उतरला. “पुढच्या महिन्यापासून दुसरी बघा,” म्हणत त्या चहा न घेताच उठल्या. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी पुण्याला लेकीला फोन लावला. ती इंजिनिअरिंगला आहे. ती हसायलाच लागली. “आई, कॉम्प्युटरला नुसतं ०.१ अधिक ०.२ विचार.” विचारलं. उत्तर आलं ०.३०००००००००००००००४! मी चक्रावलेच. ती म्हणाली, “पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, काहीही घे. नव्याने शिकणारा प्रत्येकजण कधीतरी हाच प्रश्न विचारतो.”

मैत्रिणींनो, कारण ऐकाल तर आजीचं स्वयंपाकघर आठवेल. आजीकडे शेर, अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक अशी मापं असायची. प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. या मापांनी शेराचा नेमका दहावा भाग मोजून दाखवा बरं! छटाक घेतली तर कमी पडतो, अदपाव घेतला तर जास्त होतो. छटाकेचं निम्मं, त्याचंही निम्मं असं कितीही टाकत गेलात तरी जवळ जाल, पण नेमके पोचणार नाही. कॉम्प्युटर अपूर्णांक असेच मोजतो, निम्म्या-निम्म्याने. पाव रुपया त्याला बरोब्बर कळतो, दहा पैसे मात्र ‘जवळपास’ कळतात. त्या जवळपासच्या बेरजेत कुठेतरी कणभर फरक राहतो, आणि मी विचारलं होतं, ‘दोन्ही रकमा तंतोतंत सारख्या आहेत का?’ तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाला.

हा कण नेहमीच क्षुल्लक नसतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातल्या धहरान इथे अमेरिकेची पेट्रिअट यंत्रणा इराकी क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक गेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं. तो दहावा भाग यंत्रात अपुरा साठवलेला होता. सलग १०० तास चालल्यावर हिशेब सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकला होता.

आमचा उपाय मात्र सोपा निघाला. रुपये नव्हे, पैसे मोजायचे! १० रुपये २० पैसे म्हणजे १०२० पैसे. पूर्णांकात कॉम्प्युटर असा घोळ घालत नाही. कागदावर दाखवताना तेवढं शंभराने भागायचं. चार ओळी बदलल्या आणि ‘जुळला’ आलं.

पुढच्या बैठकीत मी आधी उभी राहिले. म्हटलं, “चूक काकूंची नव्हती, माझी होती. मी मशीनला प्रश्नच चुकीचा विचारला होता.” काकू काही बोलल्या नाहीत. फक्त लाल वही उघडली आणि म्हणाल्या, “वाच गं तुझे आकडे, मी ताडून बघते.”

तेव्हापासून आमच्याकडे वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालतात. पुन्हा कधी ‘जुळत नाही’ आलंच, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी आम्ही मशीनची उलटतपासणी घेतो.