पेन्शन : जुनी आणि नवी

दर नोव्हेंबरात मी अम्मीला घेऊन बँकेत जातो. हयातीचा दाखला द्यायचा असतो. ‘मी जिवंत आहे हे मीच येऊन सांगायचं?’ असं म्हणत ती हसते आणि यंत्रावर अंगठा ठेवते. अब्बा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावे सुरू झालं. औषधपाण्यासाठी तिला आम्हा भावंडांपुढे कधी हात पसरावा लागला नाही.

माझा धाकटा भाऊही शिक्षक. शाळा तशाच, काम तेच. पण तो नोकरीला लागला २००७ साली. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नेमणुकांना जुनी पेन्शन बंद केली होती.

जुन्या पद्धतीत अब्बांच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापलं जात नव्हतं. शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाईभत्ता सरकारी तिजोरीतून मिळे. माणसाचं आयुष्य वाढलं, वेतन आयोग आले, तसा हा भार फुगत गेला. सरकारची ही तक्रार खोटी नव्हती.

नव्या योजनेत भावाच्या मूळ पगारातून व महागाईभत्त्यातून दहा टक्के कापतात. सरकार आपला वाटा घालतं आणि पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीला साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते, उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक वेतन विकत घ्यायचं. समजा चाळीस लाख जमले. त्यातल्या सोळा लाखांवर वर्षाला सहा टक्के मिळाले तर महिन्याला आठ हजार होतात. महागाई वाढली तरी आठ हजारच! बाजार पडला, व्याजदर उतरले किंवा माणूस जास्त जगला, तर तो घोर आधी तिजोरीला होता, आता घराला.

यात सरकारचं लगेच काही वाचतं असंही नाही. २००५ साली पंचविशीत लागलेला कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ च्या सुमारास निवृत्त होणार. तोवर जुन्यांची पेन्शनही द्यायची आणि नव्यांच्या खात्यात वाटाही भरायचा. बचत उद्याची, भार मात्र आजच दुहेरी.

पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितलं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठावर होते. म्हणूनच तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. १४ मार्च २०२३ ला राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा हाच हक्क ते मागत होते. सात दिवस शाळा, कार्यालयं ओस होती.

तेव्हा आमच्या पारावर एका शेतकऱ्याने मला विचारलं, ‘यांना निम्मा पगार आन्‌ आमाला काय?’ श्रावणबाळ योजनेत म्हाताऱ्यांना मिळणारे तेव्हाचे महिना हजार रुपये त्याच वर्षी दीड हजार झाले. मी स्वतः बीए करून स्टेशनरीचं दुकान चालवतो, कविता लिहितो. मला ना जुनी पेन्शन ना नवी. तरी भावाची पेन्शन कापून त्या शेतकऱ्याच्या हातावर काही पडलं, असं मला दिसलेलं नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. केंद्राच्या आराखड्यात पंचवीस वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाईची भर. किमान दहा वर्षं सेवा असेल तर निदान दहा हजार. कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात चालूच, सरकारचा वाटा मात्र साडेअठरा टक्के. म्हणजे खर्च कमी करायला निघालेली गाडी वीस वर्षांनी अर्ध्या वाटेवरून मागे वळली. आमच्या तेरमध्ये गोरोबाकाकांनी संतांची डोकीसुद्धा थापटून पाहिली. इथला माणूस सरकारी योजना तशीच कशी घेईल?

गेल्या नोव्हेंबरात भाऊही आमच्याबरोबर बँकेत आला होता. सुरुवातीच्या काही वर्षांची कपात त्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीत दिसत नाही. त्याने खिडकीत चिठ्ठी सरकवली. ‘हे इथलं नाही सर, तुमच्या कार्यालयात विचारा,’ आतून उत्तर आलं. कार्यालयात तो दोनदा जाऊन आला होता. अम्मीचं काम तोवर झालं होतं.